साताऱ्यातल्या डोंगरझऱ्यावर पाणी भरायला जाताना

सातारा शहराच्या दक्षिणेला अजिंक्यतारा आणि पश्चिमेला यवतेश्वराचा डोंगर उभा असल्यामुळे या गावाला डोंगराच्या पाण्याची सवय फार जुनी आहे. अठराव्या शतकात शाहू महाराजांनी गडाच्या पायथ्याशी पेठा वसवल्या आणि यवतेश्वराकडचे पाणी खापरी नळांनी उतरवून शहरातले हौद आणि तळी भरली जाऊ लागली. पुढे कास तलावाचे पाणीसुद्धा डोंगरउताराच्या जोरावरच, पंपावाचून, शहरात आले. आज घरोघर नळ आहेत, तरीही पहाटे स्कूटरच्या पायाशी कॅन ठेवून पायथ्याच्या एखाद्या झऱ्याकडे निघालेली माणसे दिसतात आणि कारण विचारले तर "डाळ चांगली शिजते, चहाला चव येते" एवढेच उत्तर मिळते. असे उत्तर ऐकून पहिल्यांदाच कॅन घेऊन निघालेल्यांसाठी हा लेख आहे.

कोणत्याही एका झऱ्याचे नाव घेऊन "तिथे खुशाल जा" असे मी सांगणार नाही, कारण ज्या झऱ्याचे पाणी गेल्या वर्षी निर्धोक होते त्याच्या माथ्यावर यंदा घर, गोठा किंवा शोषखड्डा झालेला असू शकतो. त्याऐवजी कोणताही झरा कसा पारखावा, त्यावर कसे वागावे आणि आणलेल्या पाण्याचे घरी काय करावे हे मी क्रमाने मांडतो. या क्रमातली पहिली पायरी बहुतेक जण गाळतात, म्हणून तिच्यावर मी सर्वांत जास्त जागा खर्च करणार आहे.

आधी झऱ्याच्या वर चढावे

नव्या झऱ्यावर गेल्यावर कॅन गाडीवरच ठेवावा आणि ज्या उतारातून पाणी येते तो उतार चढून जावे. पाणी किती नितळ आहे, धार किती मोठी आहे, कुंड किती जुने आहे या गोष्टी नंतर पाहता येतात. मी हे शहाणपण उशिरा शिकलो. आमच्या घराजवळच्या एका झऱ्यावर दोन वर्षे मी नेमाने पाणी भरत होतो, पण त्याच्या वर पन्नास पावलेही कधी गेलो नव्हतो. तिसऱ्या वर्षी मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला आणि दोन दिवसांत घरातली तीन माणसे जुलाबाने आडवी झाली. पाणी तर नेहमीसारखेच दिसत होते. वर चढून पाहिले तेव्हा करवंदीच्या जाळीपलीकडे गुरांचा गोठा आणि शेणखताचा पुरुषभर उंचीचा ढीग होता आणि त्याच्या बुडातून निघालेला काळा ओघळ खडकाच्या एका भेगेत शिरून दिसेनासा होत होता. हे मी झऱ्यावर येणाऱ्या एका आजींना सांगितले, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "पाण्याकडं काय बघत बसलास बाळा, वर कोण राहतंय ते बघ आधी." त्या स्वतः मृगापासून दसऱ्यापर्यंत त्या झऱ्याचे पाणी पीत नसत. मला मात्र दोन वर्षांत त्यांना हे विचारायचे सुचले नव्हते.

वर काय आहे याला एवढे महत्त्व का, हे समजण्यासाठी आपले डोंगर कसे बनले आहेत हे थोडे जाणून घ्यावे लागते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून सह्याद्रीच्या या भागातले डोंगर घडले. अजिंक्यताऱ्याकडे लांबून पाहिल्यास उतारावर ज्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर होत. काही थर अखंड काळ्या पाषाणाचे असतात, तर काही सच्छिद्र, भेगाळलेले आणि झिजलेले असतात, ज्यांना विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात. दोन थरांच्या मध्ये कुठेकुठे गेरूसारखी तांबडी, चिकण मातीची पट्टी असते. पावसाचे पाणी भेगांतून आणि मांजऱ्यातून खाली उतरत जाते, अखंड पाषाण किंवा तांबडी पट्टी लागली की त्याचा खालचा रस्ता बंद होतो, मग ते आडवे सरकते आणि जिथे डोंगराचा उतार त्या थराला कापतो तिथे बाहेर पडते. म्हणूनच एकाच उंचीवर ओळीने दोन-तीन झरे लागणे ही नेहमीची गोष्ट आहे. कास पठारासारख्या सुमारे १,२०० मीटर उंचीवरच्या सड्यावर याच कातळावर जांभ्याचे टोपण असते. जांभा स्पंजासारखा पाणी पितो आणि पाऊस संपल्यावरही ते सावकाश सोडत राहतो.

आता यातली गैरसोयीची बाजू पाहू. नदीकाठच्या वाळूतून पाणी मुरते तेव्हा ते बऱ्यापैकी गाळले जाते, पण कातळाच्या भेगेत असे गाळणे जवळजवळ होत नाही. भेग म्हणजे नळच म्हणावा. वरच्या तोंडाला जे पडेल ते खालच्या तोंडाने येणार. पाण्याच्या जागेपासून संडासाचा खड्डा तीस मीटर दूर असावा हा ठोकताळा मऊ मातीत ठीक आहे, परंतु आपल्या कातळात तेवढ्यावर विसंबता येत नाही. त्यामुळे वर चढताना किमान दोन-तीनशे पावलांच्या टप्प्यात घरे, संडास, शोषखड्डे, गोठे, शेणखताचे उकिरडे, कोंबड्यांच्या शेड, कचरा टाकण्याची जागा, सांडपाण्याचा ओघळ आणि खते-औषधे मारली जाणारी शेती आहे का, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे. स्मशान किंवा मेलेले जनावर टाकण्याची जागा असेल तर आजूबाजूच्या लोकांकडून ती माहिती सहज मिळते. वर नुसते रान आणि गवत असेल तर पुढे जावे. वरच्या यादीतली एकही गोष्ट सापडली तर त्या झऱ्याचे पाणी झाडांना, गाडी धुवायला आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवायला ठेवावे.

दुसरी पारख पावसानंतरची. जोराच्या सरीनंतर तीन-चार तासांत झरा गढूळ झाला किंवा त्याची धार एकदम फुगली, तर वरचे पाणी फार न मुरता थेट त्यात उतरते आहे असे समजावे. ज्या झऱ्याची धार पावसाला सावकाश दाद देते आणि पाऊस थांबल्यावरही आठवडेच्या आठवडे टिकते, त्याचे पाणी डोंगरात जास्त काळ राहून आलेले असते. हाताला लागणारा गारवाही काही सांगतो: खोलवरून येणारे पाणी वर्षभर साधारण एकाच तापमानाचे असल्याने डिसेंबरच्या पहाटे ते हाताला कोमट लागते आणि मे महिन्यात गार. हिवाळ्यात बर्फगार आणि उन्हाळ्यात गरम लागणारे पाणी उथळावरचे असते. या खुणा पूर्ण खात्रीच्या नाहीत, पण फुकट आहेत आणि वर्षभर नजर ठेवणाऱ्याला बरेच काही सांगून जातात.

कोणत्या दिवसांत जावे

वर्षातले सर्वांत चांगले दिवस डिसेंबर ते फेब्रुवारी. हस्ताचा पाऊस संपून दीड-दोन महिने झालेले असतात, धार भरपूर असते आणि वरून वाहून येणारी घाण थांबलेली असते. मार्चपासून धार बारीक होत जाते. मे महिन्यात पाणी सहसा स्वच्छ असते पण रांग मोठी असते, शिवाय कुंडात साचून राहिलेल्या पाण्यात गुरे, कुत्री आणि माकडे तोंड घालतात, त्यामुळे तेव्हा कुंडातले पाणी न घेता फक्त धारेचे घ्यावे. मृगापासून आर्द्रा आणि तरणा-म्हातारा पाऊस सरेपर्यंत झऱ्याचे पाणी पिण्यासाठी न आणलेलेच बरे, आणि आणायचेच असेल तर ते न उकळता कोणी तोंडाला लावू नये. उन्हाळाभर डोंगरावर साचलेली सगळी घाण पहिल्या पावसात एकदम खाली उतरते. साथीचे जुलाब, कावीळ आणि विषमज्वर यांचे रुग्ण पावसाळ्यात वाढतात त्याचे एक कारण हेच आहे.

वेळ सकाळची निवडावी, पण फटफटण्याआधी जाऊ नये. झऱ्याभोवतीच्या दगडांच्या कपारीत ओलाव्यामुळे बेडूक असतात आणि बेडकांमागे साप येतात, तेव्हा अंधारात हात घालण्याचे धाडस करू नये आणि टॉर्च जवळ ठेवावी. कड्याच्या कपारीत आग्यामोहोळ लटकलेले दिसले तर तिथे विडी-सिगारेट, धूप किंवा अगरबत्ती पेटवू नये आणि अत्तर लावून जाऊ नये.

काय न्यावे

दहा लिटरचे दोन कॅन हे वीस लिटरच्या एका जारपेक्षा चांगले. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो वजन. शेवाळलेल्या दगडावरून ते एका हाताने तोलताना पाय घसरतो आणि घसरलेला पाय कमरेसह जातो. स्कूटरच्या पायाशी कॅन आडवा ठेवू नये, कारण वळणावर आत हिंदकळणारे पाणी हँडल ओढते. कॅन खाण्याचे तेल किंवा पाणी यांचाच असावा. शेतातल्या औषधाचा, रंगाचा किंवा ॲसिडचा कॅन कितीही वेळा धुतला तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नये. आपल्याकडे ही चूक फार होते आणि "साबणाने चांगला घासला होता" हे समर्थन ऐकून अंगावर काटा येतो.

अरुंद तोंडाच्या कॅनमध्ये हात जात नाही, म्हणून आतले बुळबुळीत अस्तर काढण्यासाठी मूठभर जाड तांदूळ, चमचाभर धुण्याचा सोडा आणि तांब्याभर कोमट पाणी घालून तो जोरात खळबळवावा, मग साध्या पाण्याने तीनदा विसळून उन्हात पालथा ठेवावा. हे आठवड्यातून एकदा करावे. कॅनच्या झाकणाच्या आट्यांमध्ये काळी रेघ साचते, ती जुन्या टूथब्रशने काढावी. पाणी नासण्याची सुरुवात बहुधा तिथून होते. यांशिवाय जुन्या सुती लुगड्याचे चारपदरी केलेले फडके, एक स्वच्छ तांब्या आणि रबरी तळाची चप्पल एवढे पुरे.

झऱ्यावर वागण्याची रीत

झरा सार्वजनिक आहे याचा अर्थ तो कोणाचाच नाही असा नसून तो आपल्याआधी येणाऱ्या सगळ्यांचा आहे. पहिल्या दिवशी तिथे असलेल्या थोरामोठ्यांना नमस्कार करून "इथे नंबर कसा लावतात?" असे विचारावे. काही ठिकाणी रिकामी कळशी रांगेत ठेवून माणूस बाजूला बसतो, काही ठिकाणी एकेक कॅन आळीपाळीने भरला जातो, तर काही ठिकाणी हंडा-कळशी घेऊन पायी आलेल्या बायकांना गाडीवाल्यांच्या आधी पाणी देण्याचा अलिखित नियम असतो, आणि मला तो योग्य वाटतो. उन्हाळ्यात एका माणसाने एका फेरीत दोनच भांडी भरावीत. मोटार लावून टाकी भरायला कोणी आले तर वाद न घालता नगरपालिकेला किंवा ग्रामपंचायतीला कळवावे.

कुंडात पाय बुडवू नये, मग ते कितीही मोठे असो आणि पाय कितीही भाजलेले असोत. यामागे सोवळ्याओवळ्यापेक्षा भक्कम कारण आहे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरताना नारूच्या रुग्णाचा पाय पाण्याला लागे, त्याच्या जखमेतून नारूच्या अळ्या पाण्यात सुटत, तिथले सूक्ष्म जलकीटक त्या अळ्या गिळत आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. पायऱ्यांच्या विहिरींवर कठडे बांधून, पाणी गाळून पिण्याची सवय लावून आणि रुग्ण शोधून हा रोग आपण हटवला. जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त जाहीर केले ते २००० साली. नारू गेला, पण पायाने जाणाऱ्या बाकीच्या घाणीला ते प्रमाणपत्र मिळालेले नाही.

बऱ्याच झऱ्यांवर शेंदूर लावलेले सात लहान दगड ओळीने मांडलेले असतात. या साती आसरा, म्हणजे पाण्याच्या देवता. तिथे चप्पल काढावी, दगड हलवू नयेत आणि ओटी भरायची असेल तर ती दगडांपाशी ठेवावी, पाण्यात सोडू नये. नारळाचे पाणी, हळद-कुंकू, फुले आणि नैवेद्याचा भात कुंडात पडला की दोन दिवसांत त्याला वास येतो आणि तळाशी चिकट थर धरतो. श्रद्धेला धक्का न लावता हे बोलता येते. माझा अनुभव असा आहे की "आसरांचं पाणी खराब होतंय" असे म्हटले की लोक लगेच ऐकतात आणि "जंतू होतात" असे म्हटले की हसतात. साबण, धुणे, भांडी आणि अंघोळ झऱ्याच्या खाली, वीस-पंचवीस पावले दूर, आणि तीही ओघळ दुसऱ्या कोणाच्या पाणवठ्याला जात नसेल तरच.

भरताना

धार असेल तर ती थेट कॅनमध्ये घ्यावी. पन्हळ किंवा पाइप बसवलेला असेल तर त्याच्या तोंडाला हात किंवा कॅन टेकवू नये, आणि पाइपला तोंड लावून पाणी पिणाऱ्या मुलांना प्रेमाने आवरावे. आधी थोडे पाणी घेऊन कॅन विसळावा आणि ते पाणी कुंडाबाहेर टाकावे. नंतर तोंडावर चारपदरी फडके धरून कॅन भरावा. फडक्याची एक बाजू ठरलेली असावी. ते उलटे धरले तर काल अडकलेला कचरा आज आपणच पाण्यात धुऊन टाकतो. फडक्यामुळे माती, अळ्या आणि जलकीटक अडकतात, कॉलऱ्याचे जंतू ज्या सूक्ष्म जलचरांना चिकटून येतात तेही बऱ्याच अंशी अडकतात, पण सुटे जंतू आणि विषाणू आरपार जातात.

धार नसून नुसता उमाळा असेल, म्हणजे कुंडाच्या तळातून पाणी वर येत असेल, तर वरची साय हलक्या हाताने बाजूला सारून, तळ न ढवळता, दांड्याच्या भांड्याने मधल्या थरातले पाणी घ्यावे.

महाबळेश्वरला पंचगंगा मंदिरात गोमुखातून पडणारे पाणी लोक बाटल्यांत भरून आणतात, तिथेही हीच रीत पाळावी. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचे ते उगम मानले जातात, त्यामुळे ओंजळभर तीर्थ घेण्याला कोणी नाही म्हणणार नाही; परंतु तीर्थ म्हणून घेतलेला थेंब आणि आठवडाभर पिण्यासाठी भरलेली बाटली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीला घरी आल्यावर पुढचे सगळे सोपस्कार लागू होतात.

घरी आणल्यावर

उकळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. खळखळून उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट ती तशीच राहू द्यावी, पाणी त्याच भांड्यात झाकून निवू द्यावे आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी संपवावे. पाणी नुसते "कढत" करून उतरवणे म्हणजे गॅस वाया घालवणे होय. उकळणे शक्य नसेल तर आरोग्य केंद्रातून किंवा औषधाच्या दुकानातून मिळणारे क्लोरिनचे थेंब किंवा गोळ्या वेष्टनावर दिलेल्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. गढूळ पाण्यात क्लोरिन वाया जाते, म्हणून आधी तुरटी फिरवून, पाणी निवळू देऊन, वरचे नितळ पाणी दुसऱ्या भांड्यात काढावे आणि मग थेंब टाकावेत. तुरटीने पाणी स्वच्छ दिसते, निर्जंतुक होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत आपल्या घराघरांत आहे. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजाने चिमटीने घरच्या हंड्यात टाकू नये.

तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात हे प्रयोगांत दिसले आहे, तरी तो हंडा उकळण्याच्या जागी धरू नये, उकळलेले पाणी साठवायला वापरावा. पाणी ओगराळ्याने घ्यावे किंवा तोटीचे भांडे ठेवावे. झऱ्यावर एवढी काळजी घेऊन आणलेल्या पाण्यात घरातल्या पेल्याबरोबर बोटे बुडाली तर सारी मेहनत फुकट जाते.

एक गोष्ट मात्र उकळून जात नाही, ती म्हणजे नायट्रेट. शेणखत, मैला आणि युरियासारखी खते यांतून ते पाण्यात उतरते आणि उकळल्याने पाणी आटून त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचे दूध जास्त नायट्रेटच्या पाण्यात कालवून दिले तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटून ते निळे पडू शकते. घरात असे बाळ असेल तर तपासणी झाल्याशिवाय झऱ्याचे पाणी त्याच्या वाटीत येऊ देऊ नये.

तपासणी

डाळ चांगली शिजते याचा अर्थ पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार कमी आहेत, म्हणजे पाणी हलके आहे, एवढाच. त्यावरून जंतूंविषयी काहीही कळत नाही. तीच गोष्ट टीडीएस मीटरची. पेनाएवढे ते यंत्र हल्ली ऑनलाइन स्वस्तात मिळते आणि आमच्या झऱ्यावर ते घेऊन येणारे एक गृहस्थ आकडा मोठ्याने वाचून दाखवत असत. पाण्यात विरघळलेले क्षार किती, हे ते यंत्र सांगते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरला ५०० मिलिग्रॅम ही त्याची पसंतीची मर्यादा ठरवलेली आहे. ज्या आठवड्यात आमच्या घरी तिघे आजारी होते, त्या आठवड्यात त्यांच्या मीटरवर ११० हा देखणा आकडा दिसत होता.

जंतूंची घरगुती चाचणी एच-टू-एस कुपीने होते. काचेची लहान कुपी, आत खाकी रंगाची पट्टी किंवा पूड, आणि बाहेर पाणी कुठवर भरायचे त्याची खूण, एवढाच तिचा थाट. हात साबणाने धुऊन, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता, खुणेपर्यंत पाणी भरावे, झाकण घट्ट लावावे आणि कुपी २४ ते ४८ तास उबदार जागी ठेवावी. पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेतून येणारे जंतू आहेत. मी ती कुपी फ्रिजच्या मागे, जाळीच्या उबेत ठेवली होती. संध्याकाळी पाणी फिक्या चहासारखे होते, पहाटे उठून पाहिले तर तळाशी शाईचा ठिपका पसरल्यासारखे दिसत होते आणि दुपारी कुपी अशी काळीभोर झाली की पलीकडची खिडकी दिसेना. झाकण उघडून वास घेण्याचा मोह टाळावा. कुपीत ब्लीचिंगचे पाणी टाकून मगच ती फेकावी. पाणी काळे पडले नाही तर तेवढ्या दिवसापुरता निकाल चांगला आहे, कायमचा नव्हे. ही चाचणी वर्षातून किमान दोनदा, एप्रिलअखेर आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर, करावी.

नेमका निकाल हवा असेल तर नमुना सरकारी प्रयोगशाळेत द्यावा. जिल्ह्याच्या ठिकाणी आरोग्य विभागाची आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा असते आणि शुल्क भरून नागरिकांचे नमुने तपासून मिळतात. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. ती विसळू नये, काठोकाठ भरू नये, बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवावी. शनिवारी दुपारी नमुना घेऊन सोमवारी नेण्यात अर्थ नाही. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी. बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि धारेचे की कुंडाचे पाणी, हे लिहावे. अहवाल आल्यावर चार ओळी आधी वाचाव्यात: १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही नसावा, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत असावे, गढूळपणा एक एककापर्यंत चांगला आणि पाचपर्यंत नाइलाजाने चालणारा, आणि सामू (पीएच) साडेसहा ते साडेआठच्या दरम्यान असावा. ई. कोलाय सापडला तर बाकीचा अहवाल कितीही सुंदर असला तरी ते पाणी कच्चे पिऊ नये.

झरा शहराच्या हद्दीबाहेर ग्रामपंचायतीकडे असेल तर एक सोपी विचारणा करता येते. राज्यात ग्रामपंचायतींच्या पाणीस्रोतांची पावसाळ्याआधी आणि नंतर स्वच्छता पाहणी होते आणि जोखमीप्रमाणे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. गावाला कोणते कार्ड मिळाले हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) किंवा जलसुरक्षकांना विचारावे.

धार मोजून ठेवावी

एक बादली आणि मोबाइलमधले घड्याळ एवढ्यावर झऱ्याची तब्येत कळते. पंधरा लिटरची बादली धारेखाली धरून भरायला लागणारे सेकंद मोजावेत, तीनदा मोजून मधला आकडा वहीत तारखेसह लिहावा. आमच्या झऱ्यावर एका डिसेंबरात बादली ७५ सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १२ लिटर आणि दिवसाला १७,२८० लिटर. त्यापुढच्या मे महिन्यात तिलाच चार मिनिटे लागली. दिवसाचे ५,४०० लिटर. याचा व्यवहारातला अर्थ असा की दहा माणसांनी प्रत्येकी वीस लिटरचे दोन कॅन भरायचे ठरवले तर डिसेंबरात रांग पाऊण तासाच्या आत संपते आणि मे महिन्यात तिला पावणेदोन तास लागतात. भांडणे कोणत्या महिन्यात होणार हे वहीतूनच आधी कळते, आणि दोनच भांड्यांचा नियम एप्रिलमध्ये सर्वांसमोर बोलून ठेवता येतो.

दरवर्षी त्याच आठवड्यातला आकडा घटत गेला तर कारण पुन्हा वरच शोधावे. माथ्यावरचे गवत जळाले, मुरूम खणून नेला किंवा उतारावर नवे बोअर झाले की डोंगरात मुरणारे किंवा मुरलेले पाणी दुसरीकडे वळते. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यावर राज्यात १९९३ च्या कायद्यापासून निर्बंध आहेत; तक्रार करताना तारीखवार आकड्यांची वही जवळ असेल तर अर्जाला वजन येते.

कुंड वर्षातून एकदा, पावसाआधी, मे महिन्याच्या शेवटी साफ करावे. एकट्याने करू नये; नेहमी येणाऱ्या सात-आठ जणांनी रविवार ठरवावा आणि आदल्या दिवशी झऱ्यावर खडूने तशी सूचना लिहावी. पाणी बादलीने उपसून, गाळ पाटीत भरून उताराच्या खाली दूर टाकावा, दगड काथ्याच्या ब्रशने घासावेत, पण ज्या भेगेतून पाणी येते ती पहारीने रुंद करण्याचा उत्साह कोणी दाखवू नये, कारण त्यामुळे धार वाढण्याऐवजी वाट बदलून दुसरीकडे फुटते. भेगेच्या तोंडाशी सिमेंट भरू नये. कुंड भरून एकदा ओसंडून वाहू द्यावे, मग टीसीएलचे प्रमाण आरोग्यसेवकांना विचारून त्यांच्यासमोरच ते टाकावे आणि क्लोरिनचा उग्र वास जाईपर्यंत, साधारण दुसऱ्या दिवसापर्यंत, कुंडातले पाणी कोणी भरू नये. तेवढा एक दिवस सर्वांनी नळाच्याच पाण्याचा चहा प्यावा.